आणखी दोघं

आम्ही दोघं. एक साताऱ्याचा, एक सांगलीची. लग्नाला बत्तीस वर्षं झाली, तोवर दोघांनी मिळून केलेला प्रवास म्हणजे सातारा ते सांगली आणि सांगली ते सातारा. मध्ये कराड, मध्ये पेठनाका. निमित्त कधी लग्नाचं, कधी मय्यतीचं, कधी मिरजेच्या उरुसाचं. बरोबर पोरं, पिशव्या, डबे आणि कोणीतरी म्हातारं माणूस असायचंच. नुसते दोघं कुठे गेलो असू, असं आठवत नाही.

समुद्र पाहायचं खूळ मुलाने डोक्यात भरलं. २०२२ साली त्याचं लग्न झालं आणि तो सुनेला घेऊन अंदमानला गेला. पूर्वी ज्यांना हॅवलॉक आणि नील म्हणत, ती आताची स्वराज द्वीप आणि शहीद द्वीप. एका बेटावरून दुसऱ्यावर, दुसऱ्यावरून तिसऱ्यावर अशी दोघं हिंडली. फोटोंत निळं पाणी, पांढरी वाळू आणि मागे जत्रेसारखी गर्दी. वर त्याचा निरोप, "अब्बा, तुमे और अम्मी बी जाव. अंदमान नक्को तो कोकणात जाव. हिथं बी बेटं हैत."

आम्ही आधी हसण्यावारी नेलं. नोकरीतून निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती. हजसाठी म्हणून जे पैसे बाजूला ठेवत आलो, त्याला हात लावायचा नाही हे दोघांचंही पक्कं होतं. समुद्र बघायला पैसे घालवणं ही चैन वाटत होती. शेवटी खोल्यांचे पैसे मुलानेच भरले. एके ठिकाणी फोनवर सगळं ठरलं होतं, पण नाव आणि आडनाव सांगितल्यावर खोली एकदम भरली. मुलगा चिडला. आम्ही म्हणालो, जाऊ दे, दुसरीकडे बघ. दुसरीकडे मिळाली. तिथल्या बाईंनी नाव ऐकून एवढंच विचारलं, "मासे चालतात ना?" मासळीला हलालचा प्रश्नच नसतो. आम्ही म्हणालो, धावतात.

असे २०२३च्या नाताळच्या सुट्टीत आम्ही निघालो. सगळा महाराष्ट्र त्याच आठवड्यात कोकणात उतरणार आहे, हे आम्हाला कुठे ठाऊक! एसटीत त्या वर्षीच्या मार्चपासून बायकांना अर्धं तिकीट झालं होतं. त्यामुळे आमचं दोघांचं मिळून दीड तिकीट. कराड, पाटण, कोयनानगर करत गाडी कुंभार्ली घाटाला लागली. घाटाच्या अलीकडे सातारा जिल्हा, पलीकडे कोकण. आणि इथेच एक गोष्ट सांगून टाकली पाहिजे, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

आमच्यातल्या सांगलीच्या माणसाला पाण्याची भीती होती. निदान आम्ही तसं समजत होतो.

कृष्णा आमच्या दोन्ही घरांची नदी. महाबळेश्वरला उगवते, साताऱ्याजवळ माहुलीला वेण्णेला भेटते, कराडला कोयनेला, आणि मग सांगलीत जाते. सासरचं पाणी माहेरी जातं, असं आम्ही गमतीने म्हणायचो. २०१९च्या ऑगस्टमध्ये त्या गमतीची चव गेली. सांगलीत आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर चढलं. धोक्याची पातळी ४५ फूट. आमच्यातली एक तेव्हा आजारी अम्मींना बघायला माहेरी गेली होती, शामरावनगरात. खालच्या मजल्यावर पाणी शिरलं तेव्हा माणसं वरच्या मजल्यावर गेली. तिथून गच्चीवर. तीन दिवस गच्चीवर काढले. दुसरा साताऱ्यात बसून फोन करत होता. फोन लागायचा, तुटायचा, मग बंदच झाला. ८ तारखेला होडी आली आणि मायलेकी बाहेर पडल्या. त्याच दिवशी पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला पूरग्रस्तांना नेणारी होडी उलटली आणि माणसं गेली. १२ तारखेला बकरी ईद होती. त्या ईदला आमच्याकडे कुर्बानी झाली नाही. ते पैसे छावणीत चादरी आणि औषधं घेण्यात गेले.

तेव्हापासून घरात होडीचं नाव काढायचं नाही. टीव्हीवर पूर दिसला की एकजण उठून स्वयंपाकघरात जायची. आम्ही त्याला पाण्याची भीती म्हणत आलो आणि दुसऱ्याने कधी खोदून विचारलं नाही.

पहिला मुक्काम दापोलीजवळच्या हर्णैला. समोर समुद्रात सुवर्णदुर्ग. कान्होजी आंग्र्यांच्या आरमाराचं हे ठाणं. १७५५ साली पेशव्यांनी इंग्रजांना हाताशी धरलं आणि कमोडोर जेम्सने तो आंग्र्यांकडून घेतला. किनाऱ्यावरून किल्ला इतका जवळ दिसतो की चालत जावं. पण होडीशिवाय गत्यंतर नाही, आणि होडीत चढायचं तर गुडघाभर पाण्यात उतरावं लागतं.

एक होडी भरत आली होती. होडीवाल्याने आमच्याकडे बघून हाक दिली, "चला चला, आणखी दोघं! आणखी दोघं बसा, की लगेच सोडतो!"

एक पाऊल पाण्यात पडलं होतं. ते मागे आलं.

"मैं नै बैठती. तुमे जाव."

होडीतली माणसं खोळंबली. कोणी हसलं, कोणी घड्याळ बघितलं. होडीवाला पुन्हा ओरडला, आणखी दोघं! आणि आमच्यातला एकजण, ज्याने आयुष्यभर शाळेत पोरांना धीर धरायला शिकवलं, तो चारचौघांत बोलून गेला, "एवढंच होतं तर आलीस कशाला?"

होडी आमच्याशिवाय गेली. किनाऱ्यावर मासळीचा लिलाव चालला होता. सुरमई, कोळंबी, बांगड्यांचे ढीग, बोली करणाऱ्यांचा गलका. आम्ही त्या गलक्यात दोन बाजूंना तोंडं करून उभे होतो. रात्री जेवणात तळलेली सुरमई होती. बत्तीस वर्षांत अन्नावर राग काढायचा नाही एवढं शिकलो होतो, म्हणून जेवलो. बोललो नाही.

दुसऱ्या दिवशी दाभोळला आलो. खाडी ओलांडून पलीकडे धोपाव्याला जायचं. तिथे मोठी फेरीबोट आहे. मोटारी, दुचाक्या, माणसं सगळी तिच्यात मावतात. फेरीला वेळ होता म्हणून आधी खाडीकाठच्या जुन्या मशिदीकडे गेलो. माँसाहेबांची मशीद, काहीजण तिला अंडा मशीद म्हणतात. विजापूरच्या धाटणीची, काळ्या दगडाची, मोठ्या घुमटाची. दाभोळ हे एकेकाळी आदिलशाहीचं मोठं बंदर. हजला जाणारी जहाजं इथून सुटत. आमच्या घरातले आजोबाही हजला जहाजानेच गेले होते, मुंबईहून. तो समुद्रमार्ग १९९५ साली बंद झाला.

आवारात एक म्हातारे गृहस्थ भेटले. ते त्यांच्या कोकणी मुसलमानी बोलीत बोलायला लागले. आम्ही आमच्या दखनीत उत्तर दिलं. दोघांनाही एकमेकांचं निम्मंच कळलं. मग तेही हसले, आम्हीही हसलो, आणि सगळी मंडळी मराठीवर आली. सातारचे म्हटल्यावर ते म्हणाले, "मग हे पाणी तुमचंच की." आणि ते खरंच आहे. कोयनेचं पाणी बोगद्यांतून सह्याद्रीच्या या अंगाला आणतात, पोफळीच्या वीजघरातून ते वाशिष्ठीत सोडतात आणि वाशिष्ठी इथे दाभोळला समुद्राला मिळते. कृष्णेचं पाणी अरबी समुद्र जवळ असून त्याच्याकडे पाठ फिरवतं आणि सारं दख्खन ओलांडून बंगालच्या उपसागराला जातं. थोडंसं कोयनेचं तेवढं इकडे येतं.

ते गृहस्थ गेल्यावर आम्ही सावलीत बसलो. पाण्याकडे बघत आमच्यातली एक बोलायला लागली. चार वर्षांनी.

त्या दिवशी सांगलीत होडी आली तेव्हा गच्चीवर बरीच माणसं होती. शेजारच्या काकूही होत्या. लहानपणापासूनच्या काकू. दिवाळीला फराळाचं ताट त्यांच्याकडून यायचं, ईदला शीरखुर्म्याचं भांडं आमच्याकडून जायचं. होडी भरत आली. होडीवाला म्हणाला, आणखी दोघं. फक्त दोघं. अम्मींना उचलून ठेवलं, ते एक. दुसरी जागा काकूंची होती. त्या वयाने मोठ्या, त्यांना दमा. पण पाय आपसूक होडीत पडले. मागे वळून पाहिलं तेव्हा काकू कठड्याला धरून उभ्या होत्या. संध्याकाळी छावणीत कोणीतरी सांगितलं, एक होडी उलटली. कुठली, कोणती, काही कळेना. ती रात्र आणि दुसरा अर्धा दिवस तसाच गेला. मग काकू आल्या, दुसऱ्या होडीने, सुखरूप. हात हलवून हसल्याही. पण माफी मागायची राहिली. आज मागू, उद्या मागू करत राहिली, आणि २०२१च्या मे महिन्यात काकू कोरोनात गेल्या.

"मेरेकू पानी का डर नै," ती म्हणाली. "वो 'आणखी दोघं' सुना नै जाता."

आता दुसऱ्याचं ऐका. फोन बंद पडण्याआधी साताऱ्याहून जो शेवटचा फोन लागला होता, त्यात सांगितलं होतं, "होडी आली की पहिल्यांदा तू आणि अम्मी बसा. दुसऱ्या कुणाचं बघत बसू नको." हे सांगणाऱ्याच्या लक्षातही राहिलं नव्हतं. ऐकणाऱ्याच्या राहिलं होतं. म्हणजे त्या जागेवर बसलो ते दोघंच. एकजण होडीत बसली, एकाने लांबून बसवलं. ओझं दोघांचं होतं आणि चार वर्षं ते एकीने एकटीने वाहिलं. वर काल हर्णैच्या किनाऱ्यावर तिलाच बोल लावला.

आम्ही बराच वेळ काही बोललो नाही. फेरी आली. तिच्यात कोणी माणसं मोजत नव्हतं. आम्ही चढलो.

गुहागरवरून रत्नागिरी आणि तिथे रात्र काढून मालवण. मालवणात पाय ठेवायला जागा नव्हती. त्याच महिन्यात ४ तारखेला तिथे नौदल दिन साजरा झाला होता. त्याची चर्चा, त्यात नाताळ, त्यात जोडून आलेल्या सुट्ट्या. धक्क्यावर सिंधुदुर्गाला जाणाऱ्यांची रांग उन्हात वळसे घेत उभी. पुणे, कोल्हापूर, बेळगाव, सगळीकडची माणसं. बुरखा बघून काहीजण दोनदा बघत होते. मग एका बाईने विचारलं, कुठले तुम्ही? सातारा म्हटल्यावर तिने कंदी पेढ्यांची चौकशी केली. तिचा दीर वाईला होता. रांग सरकत राहिली.

आमची पाळी आली. बोट जवळजवळ भरलेली. आणि ती हाक आलीच, "आणखी दोघं!"

आमच्या मागे एक आजी होत्या, हाताला सातआठ वर्षांचा नातू. त्यांच्या घरची बाकीची माणसं आधीच बोटीत चढली होती आणि तिथून हाका मारत होती. आमच्यातली एक बाजूला सरली. म्हणाली, "आजी, तुम्ही बसा. आम्ही मागनं येतो."

आजी संकोचल्या. "अहो, तुमचा नंबर आहे."

"असू दे. दुसरी येते की."

बोट गेली. आम्ही धक्क्यावर पहिले उभे. ऊन डोक्यावर. तिचा हात घट्ट धरलेला होता, इतका की बांगडी रुतत होती. दुसऱ्याने काही विचारलं नाही. या वेळी धीर धरला. पंधरा मिनिटं झाली असतील. दुसरी बोट आली. धक्क्याला टेकली. रिकामी, पाणी ठिबकणारी, साधी बोट. लाइफ जॅकेट अडकवून घेतली. २०२२च्या मे महिन्यात जवळच तारकर्लीला पर्यटकांची बोट उलटून माणसं गेली होती, त्यामुळे जॅकेटाबद्दल आम्हीही हयगय केली नाही. बिस्मिल्ला म्हणून चढलो. नूह अलैहिस्सलामांची दुआ ओठांत होती. ती शेवटपर्यंत थांबली नाही.

कुरटे बेटावरचा हा किल्ला. २५ नोव्हेंबर १६६४ला शिवाजी महाराजांनी त्याचं काम सुरू केलं. पायात शिसं ओतलं. तटाच्या भिंती जवळ येतात तरी दरवाजा दिसत नाही. बुरुजांच्या आड तो असा दडवलाय की अगदी तोंडाशी गेल्यावर वाट उघडते. आत महाराजांच्या हाताचा आणि पायाचा ठसा आहे आणि त्यांचं देऊळही. चहूकडे खारट समुद्र, आणि आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव अशा तीन गोड्या पाण्याच्या विहिरी. याच आरमारात पुढे दौलतखान होता, दर्यासारंग होता. ही नावं आम्ही शाळेत पोरांना सांगत आलो, पण तटावर उभं राहून, समोर पाणी बघून ती मनात म्हटली तेव्हा वेगळी वाटली. जुन्या कागदांत अशा किल्ल्यांना जंजिरा म्हणतात. तो शब्द अरबीतला जझीरा, म्हणजे बेट. जंजिरा म्हणजे फक्त मुरूडचा, असं समजून मराठी माणूस तो रोज वापरतो. असाच एखादा शब्द आपणही आहोत, असं वाटून गेलं. लांबून आलेला, पण आता इथलाच. २०२५च्या जुलैत युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशात घेतले. त्यात हा आहे, सुवर्णदुर्ग आहे आणि आमच्या सातारा जिल्ह्यातला प्रतापगडही. बातमी वाचून आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. सुवर्णदुर्ग अजून राहिलाय.

दुसऱ्या दिवशी देवबाग. कर्ली नदी तिथे समुद्राला मिळते आणि संगमात वाळूचा एक उंचवटा आहे. २००४च्या २६ डिसेंबरच्या त्सुनामीनंतर तो वर आला असं लोक सांगतात, म्हणून त्याचं नाव त्सुनामी आयलंड. भरतीला त्याचा बराच भाग पाण्याखाली जातो. बेट कसलं, समुद्रातली चौपाटीच. होड्यांवर होड्या लागलेल्या. मोटारबोटींचा आवाज, फुगवलेल्या रबराच्या केळ्यावर बसून किंचाळणारी पोरं, चहा, भजी. हातभर चुडे घातलेल्या नव्या नवऱ्या आणि त्यांचे फोटो काढून दमलेले नवरे.

आम्ही होडीतून उतरलो ते थेट गुडघाभर पाण्यात. साडी नेसलेल्या बायका खुशाल पाण्यात बसल्या होत्या. त्यांच्यात बुरख्यातली एक जाऊन उभी राहिली. पदरही भिजले, बुरख्याचा घेरही भिजला. कुणी बघितलं नाही. बघायला कुणाला सवडच नव्हती. जो तो आपल्या माणसाला हाका मारण्यात गुंतलेला.

आणि तिथे, त्या कल्लोळात, एक गोष्ट ध्यानात आली. घरात आम्ही कधी दोघं नव्हतोच. आईवडील, दीर, नणंदा, मुलं, पाहुणे. बोलायचं ते हळू आवाजात, किंवा उद्यावर टाकून. चार वर्षांपूर्वीची ती गोष्ट घरात बोलायला जागाच मिळाली नव्हती. ती मिळाली ती परक्या गावात, ओळखीचं कुणी नसलेल्या गर्दीत. लोक म्हणतात, गर्दीमुळे कोकणाची मजा गेली. असेल. आम्हाला मात्र त्या गर्दीने एकांत दिला.

परतीची गाडी मुद्दाम सांगलीची घेतली. मालवणी खाज्याचे दोन पुडे होते. एक माहेरच्या घरी दिला. दुसरा घेऊन शेजारी काकूंच्या घरी गेलो. काकूंचा मुलगा दारातच होता. पुराच्या पाण्याची खूण त्याने भिंतीवर तशीच ठेवली आहे. त्यावरून रंग दिला नाही.

चहा झाला. मग आमच्यातलीने सांगितलं. सगळं. मध्ये एकदा आवाज अडला, तेव्हा दुसऱ्याने पुढचं वाक्य सांगितलं, फोनवरचं.

तो ऐकून घेत होता. मग म्हणाला, "ताई, आई त्या दिवशी होडीत बसणारच नव्हती. मांजर सापडत नव्हतं. तुम्ही गेल्यावर ते टाकीमागे सापडलं. पिशवीत घालून आणलं तिनं. आयुष्यभर सगळ्यांना तेच सांगत होती, मागं राहिले म्हणून मांजर वाचलं."

खरं होतं, की आम्हाला बरं वाटावं म्हणून तो बोलला, हे आम्ही विचारलं नाही. त्याने अंगणात बोट दाखवलं. स्कूटरच्या सीटवर एक म्हातारं, पिवळट मांजर झोपलेलं. आमच्या बोलण्याने ते उठलं, अंग ताणलं, खाली उतरलं आणि खाज्याच्या पुड्याचा वास घेऊन परत जाऊन झोपलं. आम्ही तिघंही हसलो. हसता हसता एकीने डोळे पुसले.

संध्याकाळी साताऱ्याची एसटी पकडली. आयर्विन पुलाखाली कृष्णा बेताची, शांत वाहत होती. कंडक्टर आला. "किती?"

"दोघं," आम्ही म्हणालो. "एक फुल, एक हाफ."